मॅगलाइटच्या पोटात

मॅगलाइट टॉर्चच्या बटणावरची रबरी टोपी नखाने उचकटली, की खाली एक बारीक भोक दिसते. त्यात जेमतेम २ मिलिमीटरची अ‍ॅलन की घालून चार-दोन आटे उलटे फिरवले, की आतला स्क्रू सैल होतो आणि स्विचचा अख्खा गट्टू नळीतून बाहेर सरकतो. पुढची काच, बल्ब, परावर्तक, मागची स्प्रिंग ही मंडळी त्याआधीच टेबलावर येऊन बसलेली असतात. उरते ती अ‍ॅल्युमिनियमची जाड, रिकामी नळी. अमेरिकेत २०००च्या दशकात कित्येक हौशी माणसांनी दुकानातून आणलेला नवाकोरा टॉर्च घरी येताच असा सोलून काढला. त्यात काही बिघाड नव्हता. त्यांना फक्त नळी हवी होती.

टॉर्च उघडून त्यात फेरफार करण्याच्या या छंदाला तिकडे ‘मॉडिंग’ म्हणतात. वरवर पाहता हा झगझगीत उजेडाचा सोस. पण त्याचा इतिहास नीट पाहिला, तर तो एका सरकत्या अडचणीचा इतिहास आहे. सेल कमजोर होते तोवर बल्बला बोल लावण्यात अर्थ नव्हता. सेल सुधारले तसा बल्ब उघडा पडला. बल्बच्या जागी एलईडी आला, तर उष्णता आडवी आली. तीही निस्तरली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आले, की वीज मागच्या स्प्रिंगमध्येच अडते आहे. हौशी लोक प्रत्येक वेळी त्या त्या काळच्या सर्वांत लंगड्या भागाला जाऊन भिडले आणि बर्‍याचदा कारखानदारांच्या आधी भिडले.

सुरुवातीला तर सगळेच भाग लंगडे होते. न्यूयॉर्कमध्ये राहणार्‍या डेव्हिड मिसेल या इंग्रज संशोधकाला हातात धरायच्या नळकांडी दिव्याचे पेटंट १० जानेवारी १८९९ रोजी मिळाले. एकामागे एक ठेवलेले सेल, पुढे बल्ब आणि ओबडधोबड पितळी परावर्तक, असा त्याचा थाट. पेटंट मिसेलने कॉनरॅड ह्युबर्टच्या कंपनीच्या नावे केले होते. ह्युबर्ट हा मिन्स्कहून अमेरिकेत आलेला ज्यू. त्याचे मूळ नाव अकिबा होरोविट्झ. त्याने हे दिवे न्यूयॉर्कच्या पोलिसांना फुकट वाटले आणि त्यांची प्रशस्तिपत्रे जाहिरातीत वापरली. धंद्याची अक्कल त्याला उपजत असावी, कारण माल तसा नाजूकच होता. बल्बची तार कार्बनची, वीज खूप खाणारी. जस्त-कार्बनचे सेल काही क्षणांतच दमायचे आणि थोडी विश्रांती घेऊन पुन्हा उभे राहायचे. त्यामुळे दिवा सलग लावायचाच नाही, बटण दाबून क्षणभर उजेड घ्यायचा आणि सोडून द्यायचा, अशी वहिवाट पडली. पुढे टंगस्टनच्या तारेचे बल्ब आले आणि टॉर्च खर्‍या अर्थाने कामाचा झाला.

ह्युबर्टची कंपनी ‘एव्हरेडी’ या नावाने वाढली. १९१४मध्ये ती पुरती नॅशनल कार्बनच्या हाती गेली आणि नॅशनल कार्बन १९१७मध्ये युनियन कार्बाइड या नव्या उद्योगसमूहात सामील झाली. याच वंशातून भारतातली एव्हरेडी आली. भोपाळमुळे ज्या युनियन कार्बाइडचे नाव आपल्याकडे कायमचे काळे झाले, त्याच कंपनीचे सेल महाराष्ट्रातल्या घराघरांत ट्रान्झिस्टरमध्ये आणि टॉर्चमध्ये होते. लखनौला तिचा टॉर्चचा कारखाना होता. अलाहाबादचा जीप आणि मुंबईचा एस्ट्रेला ही नावेही जुन्या वाचकांना आठवतील.

या काळात आपल्याकडे टॉर्चची जी डागडुजी चाले ती सगळ्यांच्या परिचयाची आहे. उतरलेले सेल कौलांवर उन्हात वाळत घालायचे. ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया थोडी जागी होते आणि एखादी रात्र निघते. टोपणातली गंजलेली स्प्रिंग पॉलिशपेपरने घासायची, सैल पडली तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी दुमडून मध्ये सारायची. सेल पाझरून पितळी नळी आतून हिरवी पडली, की पोराच्या हाती चिंधी देऊन ती पुसून घ्यायची. ही झाली दुरुस्ती. ती बंद पडलेल्या वस्तूची असते आणि गरजेपोटी होते. मॉडिंगवाल्याचा टॉर्च ठणठणीत असतो. त्याला फक्त तो आहे तसा पटत नसतो. मात्र दोघांच्या हातांना एकच गोष्ट कळते : विजेच्या वाटेत कुठे काय अडते आहे.

मॅगलाइटकडे वळायचे तर आधी अँथनी मॅग्लिका या माणसाकडे वळावे लागते. त्याचा जन्म १९३०चा, न्यूयॉर्कमधला. महामंदीच्या दिवसांत आई त्याला घेऊन क्रोएशियाच्या झ्लारिन या चिमुकल्या बेटावर परत गेली. तिथे युद्ध आणि उपासमार भोगून तो १९५०मध्ये पुन्हा अमेरिकेत आला, लेथवर काम करू लागला आणि १९५५मध्ये लॉस एंजेलिसच्या एका गॅरेजात त्याने स्वतःची छोटी यंत्रशाळा थाटली. बाजारातले टॉर्च तेव्हा पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे असत; पडले की पिचत. मॅग्लिकाने १९७९मध्ये आणलेला टॉर्च अ‍ॅल्युमिनियमच्या नळीतून कातलेला होता, वर अ‍ॅनोडाइझ केलेला, सांध्यासांध्याला रबरी कडी बसवलेला. डोके फिरवले की झोत आवळता येई किंवा पसरवता येई. मागच्या टोपणात सुटा बल्ब ठेवलेला असे. २ सेलपासून ६ सेलपर्यंतच्या लांबीत तो मिळे आणि ६ मोठ्या सेलचा टॉर्च जवळजवळ अर्धा मीटर लांब भरे. अमेरिकी पोलिसांनी तो दिवा म्हणून उचलला आणि दंडुका म्हणूनही वापरला. १९८४मध्ये पेन्सिल सेलवरचा मिनी मॅगलाइट आला आणि तो तर घरोघरी गेला.

एवढ्या भक्कम नळीच्या टोकाला बल्ब मात्र साधाच होता. मूळ मोठ्या मॅगलाइटचा उजेड शंभर लुमेनच्याही आत. शरीर पैलवानाचे आणि आवाज किरटा, अशी त्याची गत होती. छंदाचे बीज याच विजोडपणात आहे. टॉर्च मुळात चांगला असता तर तो कुणी उघडला नसता. टाकाऊ असता तरीही नसता.

आधीची पिढी तारेच्या बल्बवर खेळली. त्यांच्या भाषेत हे ‘हॉटवायर’. तारेच्या बल्बचा एक मजेशीर स्वभाव आहे. ठरल्यापेक्षा १० टक्के जास्त व्होल्टेज दिले, तर उजेड एक-तृतीयांशाहून अधिक वाढतो आणि आयुष्य साधारण एक-तृतीयांशावर येते. दिव्याच्या कंपनीला हा सौदा परवडत नाही. गिर्‍हाईक बल्ब परत घेऊन येईल. शनिवारी रात्री मागच्या अंगणात दहा मिनिटे टॉर्च लावणार्‍याला तो छान परवडतो. मग असे बल्ब शोधायची धडपड सुरू झाली, जे लहान आहेत, मॅगलाइटच्या तोंडात मावतात आणि जादा दाब सोसतात.

ते मिळाले डॉक्टरांच्या सामानात. वेल्च अ‍ॅलिन ही न्यूयॉर्क राज्यातली कंपनी १९१५पासून डोळे तपासायची उपकरणे करत आलेली. तिचा ०११८५ क्रमांकाचा हॅलोजन बल्ब मॉडिंगवाल्यांच्या हाती लागला. मॅगलाइटमध्ये बसवला की त्याचे नाव ‘मॅग८५’. ३ मोठ्या सेलच्या नळीत खास साच्याने ९ पेन्सिल सेल कोंबायचे, तेही रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचे. प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणजे १०.८ व्होल्ट झाले. साधे अल्कलाइन सेल इतका प्रवाह मागितला की मान टाकतात. रिचार्जेबल सेल तो हसत देतात. उजेड गेला हजार लुमेनच्या घरात.

आणि लगेच बाकीचे भाग बोंबलू लागले. प्लास्टिकची भिंग-चकती उष्णतेने वाकली, तिथे कडक काच बसवावी लागली. प्लास्टिकचा परावर्तक वितळू लागला, तिथे अ‍ॅल्युमिनियमचा आला. मूळ परावर्तकाच्या शेपटाला झोत आवळण्यासाठी एक तिरका दांडा असतो. तो नव्या बल्बच्या आड येई म्हणून करवतीने उडवला जाई. मागच्या टोपणावरचा अ‍ॅनोडाइझचा थर वीज जाऊ देत नाही, म्हणून स्प्रिंग टेकते तेवढी जागा खरवडून उघडी करायची. एवढे करून ताजे चार्ज केलेले सेल भरून बटण दाबावे, तर बल्ब एकदाच लखकन चमकून कायमचा जाई. थंड तारेचा विरोध अगदी कमी असतो. पहिल्या क्षणी प्रवाहाचा लोंढा येतो आणि तार तुटते. मग लोंढा थोपवायला छोटे थर्मिस्टर आणि हळूहळू वीज चढवणारी सर्किटे आली. महागडा बल्ब पहिल्याच बटणाला गमावलेला माणूस हे सगळे फार लवकर शिकतो.

याहून पुढचे लोक ओसरामच्या ६४६२३ या १२ व्होल्ट, १०० वॉटच्या हॅलोजन बल्बपर्यंत गेले. हातातल्या नळीत १०० वॉट म्हणजे काय, तर काचेसमोर काळा कागद धरला की धूर निघतो. पुढे विकेड लेझर्स या कंपनीने १०० वॉट हॅलोजनचा टॉर्च बाजारात आणला आणि त्यावर अंडे तळून दाखवत त्याची जाहिरात केली. हौशी मंडळींना त्यात नवल वाटले नाही. तसले चाळे त्यांचे केव्हाच करून झाले होते. कामाची वस्तू म्हणून या दिव्यांना फारशी किंमत नव्हती हेही खरेच. दहा-पंधरा मिनिटांत सेल संपायचे आणि नळी हातात धरवत नसे.

तोवर जपानच्या शिकोकू बेटावर वेगळेच काही घडून गेले होते. आनान गावातल्या निचिया या रसायनांच्या कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३मध्ये प्रखर निळा एलईडी साध्य केला. त्याच निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा लेप देऊन निचियाने १९९६मध्ये पांढरा एलईडी बाजारात आणला. नाकामुरा, आकासाकी आणि आमानो यांना २०१४चे नोबेल मिळाले ते निळ्या एलईडीसाठी. टॉर्चवाल्यांच्या दृष्टीने मात्र ५ मिलिमीटरचे ते पांढरे मणी किल्लीच्या जुडग्यापुरते होते. खरा धक्का दिला तो ल्युमिलेड्सच्या लक्सिऑनने. ३५० मिलिअँपिअरवर चालणारा १ वॉटचा तो एलईडी तारेच्या बल्बशी टक्कर देऊ शकत होता, आणि काही वर्षांत ३ वॉटचाही आला.

इथे दोन नव्या अडचणी उभ्या राहिल्या. पहिली व्होल्टेजची. पांढर्‍या एलईडीला ३ ते ३.५ व्होल्ट लागतात. मिनी मॅगलाइटमधले दोन पेन्सिल सेल ताजे असताना जेमतेम ३ व्होल्ट देतात आणि मग उतरतच जातात. म्हणून नाण्याएवढ्या चकतीवर व्होल्टेज चढवणारे सर्किट बसवून ती बल्बच्या जागी खुपसायची कला जन्माला आली. दुसरी अडचण उष्णतेची आणि ती जास्त चिवट. तारेचा बल्ब आपली बरीचशी उष्णता उजेडासोबत पुढे फेकतो. एलईडी ती पाठीमागे साठवतो आणि तिथून ती काढून नेली नाही तर स्वतःच भाजून निघतो. मॅगलाइटच्या नळीत एलईडीच्या पाठीला टेकेल असे धातूचे काहीच नव्हते. तिथे होता प्लास्टिकचा स्विच. ज्यांच्याकडे लेथ होता त्यांनी नळीच्या आतल्या व्यासाचे अ‍ॅल्युमिनियमचे गट्टू कातले, त्यावर एलईडी चिकटवला आणि गट्टू नळीत ठोकून बसवला. असे गट्टू मग विकलेही जाऊ लागले. छंदाचा जोडधंदा इथून सुरू होतो.

एलईडीसोबत निवडानिवडीचा एक नवा नाद आला. एकाच यंत्रातून निघालेले एलईडी सारखे निघत नाहीत. कंपनी ते उजेड, रंगछटा आणि लागणारे व्होल्टेज यांनुसार निरनिराळ्या खणांत टाकते आणि खणाला सांकेतिक नाव देते. ३ वॉटच्या लक्सिऑनमधला ‘टीडब्ल्यूओजे’ हा खण मॉडिंगवाल्यांत विशेष मानाचा : भरपूर उजेड, स्वच्छ पांढरा रंग, कमी व्होल्टेज. इतर खणांतले काही एलईडी हिरवट निघत, काही जांभळट. तयार टॉर्च घेणार्‍याच्या वाट्याला यातले काय येईल हे नशिबावर असे, आणि पोलिसांच्या टॉर्चची छटा हिरवट आहे म्हणून पोलीस काही तक्रार करत नाहीत. हौशी माणूस मात्र भिंतीवर झोत टाकून तासभर कुरकुरे.

मॅग्लिकाच्या कंपनीने, मॅग इन्स्ट्रुमेंटने, स्वतःचे एलईडी टॉर्च आणले ते २००६मध्ये. तोपर्यंत मॅगलाइटमध्ये एलईडी बसवण्याचे तंत्र अमेरिकेतल्या गॅरेजांत पुरते मुरले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये क्री या कंपनीने एक्सआर-ई हा एलईडी जाहीर केला. ३५० मिलिअँपिअरवर ८० लुमेनपर्यंत उजेड म्हणजे तेवढ्याच विजेत लक्सिऑनच्या साधारण दुप्पट. लक्सिऑनवर जीव टाकलेल्यांनी आपापले टॉर्च पुन्हा उघडले.

या सुमाराला मॅगलाइटला एक प्रतिस्पर्धी भेटला, शिवाय उघडायला कितीतरी सोपा. कॅलिफोर्नियातल्या शुअरफायरचा ६पी हा तळहाताएवढा टॉर्च कॅमेर्‍यात वापरल्या जाणार्‍या सीआर१२३ जातीच्या दोन लिथियम सेलवर चालायचा. त्याच्या बल्ब-परावर्तकाचा एकच जोडगोळा असे, नाव पी६०. डोके फिरवून काढायचे, जुना गोळा बाहेर, नवा आत. ना सोल्डर, ना करवत. लवकरच पी६०च्या मापाचे एलईडीचे गोळे बनवणारे ठिकठिकाणी उगवले. अलाबामातल्या मॅल्कॉफ डिव्हायसेसने पितळी कवचात सर्किट इपॉक्सीने गच्च भरून केलेले गोळे मजबुतीसाठी नावाजले गेले. एका कंपनीने स्वतःच्या सुट्या भागासाठी ठरवलेले माप अख्ख्या धंद्याचे सामाईक माप होऊन बसले, तेही कुठलीही समिती न बसता.

सेलची गोष्ट याच्या समांतर चालू होती. सोनीने १९९१मध्ये लिथियम-आयन सेल बाजारात आणले. त्यांतला १८६५० हा १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा सेल लॅपटॉपच्या बॅटर्‍यांमध्ये सहा-सहा, आठ-आठच्या संख्येने भरलेला असे. लॅपटॉपची बॅटरी मेली असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा त्यातले एक-दोन सेलच मेलेले असतात. हौशी माणसांनी बाद बॅटर्‍या फोडून बाकीचे जिवंत सेल काढले. पूर्ण चार्ज झालेला १८६५० चारच्या वर, नेमके ४.२ व्होल्ट देतो. एका पांढर्‍या एलईडीसाठी हे इतके सोयीचे आहे, की व्होल्टेज चढवण्याची सगळी यातायातच संपली.

यात धोका होता आणि आहे. लॅपटॉपमधल्या सेलला स्वतःचे संरक्षक सर्किट नसते. ते बॅटरीच्या डब्यात असते आणि डबा तर फोडून टाकलेला. दोन सेल एकामागे एक लावले आणि त्यांतला एक अर्धा उतरलेला असला, तर भरलेला सेल त्याला उलटा चार्ज करत राहतो. लिथियमचा सेल असा बिथरला, की बंदिस्त अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत वायू साठतो आणि नळीचे जे व्हायचे ते होते. मल्टिमीटर घेतल्याशिवाय सेलला हात लावू नये, हा नियम या छंदात नवख्याला पहिल्या दिवशी सांगतात.

एक सेल, एक एलईडी, अशी सुटसुटीत जोडी जमल्यावर मधल्या सर्किटची बाजू सांभाळली एएमसी७१३५ या तीन-चार पायांच्या चिपने. ती करते एकच काम : तिच्यातून ३५० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह जाऊ देत नाही. १७ मिलिमीटरच्या चकतीवर अशा ८ चिप लावल्या की २.८ अँपिअर मिळतात. चकतीवर जागा संपली, तर चिपच्या डोक्यावर चिप ठेवून पायांना पाय सोल्डर करायचे. क्रीचा एक्सएम-एल एलईडी आला तेव्हा या मनोर्‍याला धनी मिळाला. १० वॉटला १००० लुमेन हा कंपनीचा दावा होता.

आता स्प्रिंगची पाळी. टॉर्चच्या टोपणातली स्प्रिंग पोलादी, बारीक आणि वेटोळ्यांमुळे लांबलचक. तिचा विद्युतरोध ०.०५ ओहम असला तरी अर्ध्या अँपिअरच्या जुन्या बल्बला त्याचा पत्ता लागत नाही. ५ अँपिअर वाहू लागले, की तोच रोध पाव व्होल्ट खातो. सेलच्या ४.२ व्होल्टमधून एलईडीची गरज वजा केली, तर हातात शिल्लकच अर्धा-पाऊण व्होल्ट असते. त्यातला पाव व्होल्ट स्प्रिंगने गिळायचा ही चैन झाली. उपाय दोन पैशांचा : मऊ, अनेक पदरी तांब्याच्या तारेचा तुकडा स्प्रिंगच्या पोटातून ओवून दोन्ही टोकांना सोल्डर करायचा. स्प्रिंगने फक्त सेल दाबून धरायचा, वीज तारेतून जाईल. तार फार ताणली तर स्प्रिंग दबताना सोल्डर निघतो, फार सैल सोडली तर कडेला घासून शॉर्ट होते. त्यामुळे तारेला किंचित बाक देऊनच ती बसवतात. कुठल्याही मॉडचे यश बहुधा अशाच ठिकाणी ठरते.

काही करामती ऐकायला वेडगळ वाटतात. एलईडीच्या वरचा सिलिकॉनचा पारदर्शक घुमट पेट्रोलमध्ये भिजवून अलगद काढून टाकणे ही त्यांतलीच एक. घुमटामुळे चिपमधून जास्त उजेड बाहेर पडतो, पण परावर्तकाला चिप मोठी झालेली दिसते आणि झोत पसरतो. घुमट काढला की एकूण उजेड कमी होतो, रंग पिवळसर होतो आणि झोत मात्र कितीतरी लांब जातो. कंपनीने उजेड वाढावा म्हणून बसवलेला भाग उजेड लांब जावा म्हणून उपटायचा! हात किंचित घसरला तर घुमटासोबत बारीक सोन्याच्या तारा निघून येतात आणि एलईडी कायमचा आंधळा.

या सगळ्या काळात बाजारातल्या खोक्यांवरचे लुमेनचे आकडे मनाला येतील तसे छापले जात होते. हौशी लोकांनी थर्माकोलचे पोकळ गोळे आणि पीव्हीसीचे पाइप वापरून घरगुती उजेडमापक केले आणि त्यांत टॉर्च खुपसून कंपन्यांचे दावे तपासले. अमेरिकेत २००९मध्ये एफएल१ हे मानक आले आणि निदान नामांकित कंपन्यांना शिस्त लागली : उजेड टॉर्चच्या बाहेर आलेला मोजायचा, चालू केल्यावर लगेच नव्हे तर काही वेळाने मोजायचा, आणि झोताचे अंतर म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्सपर्यंत उतरतो, साधारण निरभ्र रात्रीच्या पूर्ण चंद्राइतका, ते अंतर. यातून एक रुक्ष हिशेब निघतो. झोताची तीव्रता १०,००० कँडेला असेल तर अंतर २०० मीटर. ते ४०० मीटर करायचे तर तीव्रता चौपट हवी. दुप्पट लांब झोतासाठी किती घाम गाळावा लागतो हे घुमट उपटणार्‍यांना आधीच ठाऊक होते.

धातूकाम आणि सोल्डरिंग आवाक्यात आल्यावर छंद एका अनपेक्षित दिशेला वळला. टॉर्चच्या सर्किटवर एटीटायनी१३ हा मायक्रोकंट्रोलर बसू लागला होता. त्याची स्मृती अवघी १ किलोबाइट. मंद, मध्यम, प्रखर आणि कुणालाच नको असलेला लुकलुकता दिवा एवढे कंपनी त्यात भरून द्यायची. चिपच्या आठ पायांना चिमटा लावून जुना प्रोग्राम पुसायचा आणि स्वतःचा भरायचा, असा प्रघात पडला. पुढे ८ किलोबाइटचा एटीटायनी८५ आला आणि त्यावर ‘अँड्युरिल’ हा खुला, कुणीही बदलू शकेल असा प्रोग्राम लिहिला गेला. त्यात बटण दाबून धरले की उजेड हळूहळू चढतो, टॉर्च तापला की स्वतःहून उतरतो. मेणबत्तीसारखा थरथरणारा आणि विजा कडाडल्यासारखा लखलखणारा असेही प्रकार आहेत. टॉर्च बिनमाहितगार माणसाच्या हाती द्यायचा असेल तर त्यासाठी वेगळा, सौम्य प्रकार होता. हॅरी पॉटर वाचलेल्यांनी त्याचे नाव ‘मगल’ ठेवले होते.

चिनी कारखानदारांनी या मंडळींना हिणवण्याऐवजी कामाला जुंपले, हे त्यांचे शहाणपण. २०१७मध्ये आलेला सोफर्नचा क्यू८ हा ४ सेलचा, शीतपेयाच्या कॅनएवढा टॉर्च आणि २०१९चा ल्युमिनटॉपचा एफडब्ल्यू३ए यांची आखणीच हौशी लोकांनी केली; सर्किट, प्रोग्राम, नळीचे माप, सगळी. २०१७चाच एमिसार डी४ हा एकाच १८६५०वर ४ एलईडी चालवून ४००० लुमेनच्या आसपास जाई. पूर्ण प्रखरतेवर तो काही सेकंदांतच हाताला चटका देऊ लागे. तांब्याच्या पट्ट्या, रोध कमी केलेल्या स्प्रिंगा, अँड्युरिल, हे सगळे आता खोक्यातूनच येते. गॅरेजातली चोरवाट हमरस्ता झाली. हॉटवायरवाल्या जुन्या लोकांना यात फारशी गंमत वाटत नाही, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही.

महाराष्ट्रात चांगल्या टॉर्चची गरज छंदाच्या फार पलीकडची आहे. शेतीपंपांना वीज बरेचदा रात्री मिळते आणि जुन्नरसारख्या भागात उसात बिबट्या असतो. पाणी द्यायला निघालेल्या माणसाला साप दिसावा आणि बिबट्याला माणूस दिसावा, यासाठी झोत लांब हवा. पितळी तीन सेलची बॅटरी जाऊन तिथे चार्जिंगचे एलईडी टॉर्च आणि डोक्याला बांधायचे दिवे आले. खोक्यावरचे आकडे एफएल१च्या आधीच्या काळातले, म्हणजे वाटेल ते. आतला सेल मेला की तो बदलून देणारे कारागीर तालुक्याच्या बाजारात सापडतात.

अमेरिकेतला आणि युरोपातला हौशी माणूस सध्या रंगात गुंतला आहे. उजेड पुरेसा झाल्यावर त्याला दिसू लागले, की ६५०० केल्विनच्या निळसर एलईडीखाली लाल रंग मळतो, चेहरा आजारी दिसतो, ओली माती आणि पाला एकाच राखाडी रंगाचे होतात. तारेच्या बल्बखाली असे होत नसे. निचियाचा २१९बी हा एलईडी लालसकट सगळे रंग बर्‍यापैकी खरे दाखवतो. त्याची ४५०० केल्विनची एक गुलाबीकडे झुकणारी छटा तर इतकी लोकप्रिय झाली, की नव्या टॉर्चमधला जास्त लुमेनचा एलईडी काढून तिथे हा कमी उजेडाचा बसवणारे पुष्कळ निघाले. तव्यासारख्या सपाट हीटरवर चकती ठेवायची, सोल्डर पातळ झाला की चिमट्याने जुना उचलायचा, नवा ठेवायचा आणि हलकेच टिचकी मारायची. तो स्वतःहून जागेवर सरकतो. नंतर चकती थंड होईपर्यंत तिला हात लावायचा नाही.